सर्व्हर बसवतानाच अपडेटची सोय कर

पुणे

अनेक आशीर्वाद.

भोसरीच्या कारखान्याचा सर्व्हर आता तुझ्या ताब्यात येतोय. त्यावर उबुंटू २४.०४ ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकायला अर्धा तास पुरतो. पण २०२९ पर्यंत त्यावर अपडेट येत राहणार, आणि ते सुखाने होतील की रडत, हे त्या अर्ध्या तासातच ठरतं.

आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) उतरवली की आधी चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी आली का हे सांगणारा आकडा, ताडून बघ. फाइल अर्धवट उतरली असेल तर इन्स्टॉलर मध्येच कुठेतरी मान टाकतो आणि आपण उगाच रॅमवर संशय घेत बसतो.

डिस्कच्या स्क्रीनवर मात्र थांब. एलव्हीएमची टिक राहू दे; त्याने डिस्कची जागा नंतरही हवी तशी वाटता येते. २०० जीबीपेक्षा मोठी डिस्क असली की इन्स्टॉलर रूटला (जिथे सिस्टीम आणि डेटा राहतो त्या भागाला) १०० जीबीच देतो, बाकी जागा व्हॉल्यूम ग्रुपमध्ये, म्हणजे एलव्हीएमच्या सामाईक साठ्यात, मोकळी राहते. 'एक टीबी गेली कुठे?' म्हणून नवखी मंडळी घाबरतात आणि सगळी रूटला जोडून टाकतात. तसं करू नकोस. कमी पडेल तशी चालू सर्व्हरवरही वाढवता येते. निदान २० जीबी स्नॅपशॉटसाठी, म्हणजे रूटची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवण्यासाठी, राखून ठेव.

मोठ्या अपग्रेडआधी डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) दुसऱ्या मशीनवर काढ, मग रूटचा स्नॅपशॉट घे. बिघडलं तर तो मर्ज करून (रूटमध्ये परत मिसळून) रीबूट केलं की रूट पूर्ववत. मेख अशी की बूट पार्टिशन, म्हणजे मशीन सुरू होताना लागणाऱ्या फाइलींचा भाग, एलव्हीएमच्या बाहेर असतं. रूट मागे गेलं तरी तिथला कर्नल (सिस्टीमचा गाभा) नवाच राहतो, त्याची मॉड्यूल्स, म्हणजे हार्डवेअर चालवणारे त्याचे सुटे भाग, जुन्या रूटमध्ये नसतात, आणि नेटवर्क कार्डच दिसेनासं होतं. म्हणून बूटचीही टार (सगळ्या फाइलींचं एक गाठोडं) करून ठेव, आणि स्नॅपशॉट असेपर्यंत ऑटोरिमूव्ह नको, ते जुने कर्नल काढून टाकतं. स्नॅपशॉट फार दिवसही ठेवू नकोस. भरला की निकामी.

आता घड्याळ. इन्स्टॉलर ते यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, ठेवतो. आपोआप होणारे सुरक्षा अपडेट त्या घड्याळाने सकाळी ६ ते ७ च्या दरम्यान सुटतात, म्हणजे आपल्याकडे साडेअकरा ते साडेबारा, ऐन बिलिंगच्या वेळी! त्यात डेटाबेसचं पॅकेज आलं तर तो रीस्टार्ट होतो आणि फोन तुला येतो. टाइमझोन एशिया/कोलकाता कर, म्हणजे ते आपल्या सकाळी ६ ते ७ ला होतील.

नवी एलटीएस (उबुंटूची दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्ती) एप्रिलमध्ये येते, पण जुन्या एलटीएसला अपग्रेड दाखवलं जातं ते .१, म्हणजे तिची पहिली दुरुस्त आवृत्ती, आल्यावर. २४.०४ चं .१ ऑगस्ट २०२४ मध्ये आलं. तेवढं थांबावं. अपग्रेडचा वार गुरुवार नको. दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा आपल्याकडचा तो ठरलेला दिवस, आणि छोटा यूपीएस पूर्ण अपग्रेडभर तग धरत नाही.

अपग्रेड घरून करायचं असेल तर टीमक्स या प्रोग्राममध्येच चालव; काम सर्व्हरवरच चालू राहतं, म्हणजे वायफाय गेलं तरी तुटत नाही. मध्येच अपग्रेडचा प्रोग्राम विचारेल, एसएसएचची (दुरून लॉगिन करण्याच्या सोयीची) कॉन्फिग फाइल जुनी ठेवू की नवी घेऊ? फरक दाखवण्याचा पर्याय निवडून तो वाच. घाईत नवी घेतली आणि त्या फाइलमध्ये आपण बदललेला पोर्ट (लॉगिनच्या दाराचा क्रमांक) उडाला, तर दुरून आत शिरता येत नाही आणि रात्री भोसरी गाठावी लागते. चालू खिडकी बंद न करता दुसरीतून लॉगिन होतंय का बघ, मगच रीबूट दे.