फोन गेला, पण सिम कुणाच्या हाती?

प्रश्न : ताई, मागच्या महिन्यात बसमध्ये चढताना माझ्या खिशातून फोन गेला. बोटाच्या ठशाचं लॉक होतं, म्हणून आतलं काही कुणाला दिसणार नाही असं धरून मी चाललो. दुसऱ्या दिवशी कळलं, माझ्या ईमेलचा पासवर्ड बदललाय. लॉक न उघडता हे झालंच कसं? आता नवा फोन घेतलाय. या वेळी काय काळजी घेऊ?
– एक वाचक

उत्तर : तुमचं लॉक शाबूतच राहिलं असावं. चोराला ते उघडायची गरजच पडली नसेल. सिमचा ट्रे बाहेर काढायचा, सिम दुसऱ्या फोनमध्ये घालायचं, ‘पासवर्ड विसरलात?’ वर बोट ठेवायचं. ओटीपी तुमच्या नंबरवर येतो, आणि नंबर तर त्याच्या हातात असतो.

माझ्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत अगदी हेच घडलं. फोन गेल्यावर पहिले तीन तास ती स्वतःच्याच नंबरवर फोन लावत बसली, कुणीतरी उचलेल या आशेने. तेवढ्या वेळात तिच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून आमच्या मावशीला पैशांसाठी मेसेज गेला. मावशीने आधी मला फोन केला म्हणून पैसे वाचले. पण ते तीन तास मला अजून सलतात, म्हणून हे सगळं जरा तपशिलात लिहितेय.

आजच सिमला पिन लावा. स्क्रीनचं लॉक वेगळं, सिमचा पिन वेगळा. आयफोनमध्ये तो मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये सापडतो. अँड्रॉइडमध्ये बहुधा सुरक्षा विभागात असतो. नाव कंपनीगणिक बदलतं, सेटिंग्जमध्ये ‘सिम लॉक’ असं शोधा. पिन लावला की सिम दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर किंवा फोन बंद करून चालू केल्यावर आधी तो विचारला जातो. फक्त एक सांभाळा : सिमला आधीपासून एक ठरलेला पिन असतो, तो सिमच्या कंपनीकडून विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकला की सिम अडकतं आणि 8 आकडी पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम उघडायचा कोड, मागतं. पीयूके दहा वेळा चुकला तर ते सिम कायमचं बाद.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा 6 आकडी पिनही लावा. तो असता तर चोराला ओटीपी मिळूनही बहिणीचं खातं उघडता आलं नसतं. आणि लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा, नाहीतर सिम न काढताही ओटीपी वाचता येतो.

आता आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांक. डायल पॅडवर *#06# दाबा, 15 आकडे दिसतील. दोन सिमचा फोन असेल तर दोन आयएमईआय येतात, दोन्ही उतरवून घ्या. कागदावर. फोनमध्येच टिपून ठेवला तर फोनबरोबर तोही जातो! पोलिसांकडे तक्रार देताना आणि हँडसेट नेटवर्कवर बंद करून घेताना हाच क्रमांक लागतो. सिम बंद केल्याने फक्त तुमचा नंबर थांबतो, हँडसेट दुसऱ्या सिमवर चालूच राहतो.

त्याच कागदावर गुगल खात्याचे बॅकअप कोड लिहा, म्हणजे फोन हाताशी नसताना खातं उघडायला लागणारे कोड. दहा कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. हे मी मुद्दाम सांगतेय. बहिणीचा फोन शोधायला आम्ही माझ्या लॅपटॉपवरून तिचं खातं उघडायला गेलो, तर गुगलने खात्रीसाठी कोड पाठवला तो त्याच चोरीच्या फोनवर. आम्ही दोघी स्क्रीनकडे बघत राहिलो.

खरंच कधी फोन गेला तर स्वतःला फोन लावत बसू नका. जवळच्या कुणाचा फोन घ्या आणि आधी आपला फोन दुरून लॉक करा : अँड्रॉइडला ‘फाइंड हब’, आयफोनला ‘फाइंड माय’मधला लॉस्ट मोड. ही सोय चालू आहे ना, हे आत्ताच तपासा. लॉक झालं की लगेच सिम बंद करायला सांगा, मग बँक, मग पोलिस. पहिलं काम दोन-तीन मिनिटांत जमलं नाही तर थांबू नका, थेट सिम बंद करा. नकाशावर फोन दिसला तरी तिथे एकटे जाऊ नका, ते ठिकाण पोलिसांना सांगा. डेटा पुसायची घाईही नको. अँड्रॉइडमध्ये एकदा पुसला की फोन शोधता येत नाही.

चारेक दिवसांनी बहिणीला मेसेज आला : तुमचा फोन सापडलाय, ठिकाण बघायला इथे पासवर्ड टाका. ती इतकी हरखली की अर्धा पासवर्ड टाइप करूनही झाला होता. तो मेसेज चोराच्याच बाजूचा होता. आयफोनमधलं अ‍ॅक्टिव्हेशन लॉक आणि अँड्रॉइडमधलं फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन यांमुळे पुसलेला फोनही जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो, त्यामुळे विकणाऱ्याची पंचाईत होते. तुम्हालाही असा मेसेज येऊ शकतो. पासवर्ड देऊ नका, आणि कुणी कितीही गळ घातली तरी तो जुना फोन खात्यातून काढून टाकू नका.