असेंब्ली लाईनवर माणसं पुरेशी आहेत तरी टार्गेट निघत नाही, नवीन सुपरवायझरने काय करावं?

भाऊ, चिंचोळी एमआयडीसीत पंप असेंब्लीला रोज ६० नग मागतायत आणि निघत नाहीत म्हणताय, तर आधी माणसांवर ओरडणं बंद करा आणि घड्याळ घेऊन लाईनवर उभे राहा. शिफ्ट ४८० मिनिटांची, जेवण-चहाची ४५ गेली की उरली ४३५, म्हणजे नग सव्वासात मिनिटाला पडायला पाहिजे, आणि एक जरी स्टेशन, म्हणजे लाईनवरची एक कामाची जागा, नगामागे ९ मिनिटं घेत असेल तर बाकीचे कितीही पळाले तरी दिवसाला ४८ च्या वर जाणार नाही. त्या स्टेशनचं थोडं काम शेजारच्याकडे द्या, नटबोल्ट, गॅस्केट सगळं हाताशी किट करून ठेवा, कारण बराच वेळ स्टोअरच्या चकरांतच जातो. टॉर्क मारला, म्हणजे बोल्ट ठरलेल्या जोराने आवळला, की त्यावर पेनाने खूण करायला लावा, रिवर्क, म्हणजे तेच काम परत करणं, कमी होतं.

आणि मे महिन्यात आपल्या सोलापूरचं ऊन पत्र्याच्या शेडमध्ये काय करतं ते माहितीये, तेव्हा जड काम सकाळच्या तासांत घ्या, पंखे आणि थंड पाणी मॅनेजमेंटकडून भांडून मिळवा, त्याशिवाय दुपारनंतर स्पीड मागूच नका. जुन्या हेल्परला विचारा अडतं कुठं, चारचौघात कुणाचा अपमान करू नका.