तेरा युनिट बघून धडकी भरते

प्रश्न : मॅडम, मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग बेळगावात बीएस्सी आणि झूलॉजीत एमएस्सी केलं. आता सीएसआयआर नेट लाइफ सायन्सेस, म्हणजे कॉलेजात शिकवायला आणि पीएचडीच्या फेलोशिपला लागणारी देशपातळीवरची परीक्षा, द्यायचीय, पुण्याचा क्लास परवडत नाही. सिलॅबसमधली १३ युनिट बघूनच धडकी भरते. घरचे म्हणतात कर्नाटक राज्याची केसेट दे, मैत्रिणी म्हणतात महाराष्ट्राची एमएच-सेट दे. काय करू?

उत्तर : आधी त्या १३ युनिटची भीती काढून टाक बघ. पेपर तीन तासांचा, २०० मार्कांचा. पार्ट एमध्ये २० पैकी १५ सोडवायचे, बीमध्ये ५० पैकी ३५, आणि सीमध्ये ७५ पैकी फक्त २५, पण त्या २५ लाच १०० मार्क आहेत. म्हणजे सीमधले ५० प्रश्न सोडायची मुभा पेपरच देतोय, मग सगळं सारखंच घोकत बसायचं कशाला? तू झूलॉजीवाली, अ‍ॅनिमल फिजिऑलॉजी, डेव्हलपमेंटल, इकॉलॉजी, इव्होल्यूशन ही तुझ्या हक्काची युनिट. त्यात जेनेटिक्स आणि मेथड्स, म्हणजे प्रयोगाच्या पद्धती, घाल. आणि तिसरं युनिट, रेप्लिकेशन ते ट्रान्सलेशन, म्हणजे डीएनएची नक्कल होण्यापासून प्रोटीन तयार होण्यापर्यंत, कितीही कंटाळा आला तरी सोडू नको गं, डेव्हलपमेंटमध्ये, मेथड्समध्ये तेच फिरून फिरून येतं. प्लांट फिजिऑलॉजी पार्ट बीपुरतं बस्स.

पार्ट सीत व्याख्या पाठ असून भागत नाही. समज, एक रिसेसिव्ह आजार, म्हणजे सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं तरच होणारा, १०,००० त एकाला आहे, तर वाहक, म्हणजे एकच सदोष जनुक असलेले, किती? सदोष जनुकाचं प्रमाण क्यू, चांगल्याचं पी धर. क्यू स्क्वेअर ०.०००१, क्यू ०.०१, दोन पी क्यू ०.०१९८, म्हणजे पन्नासात साधारण एक. इथपर्यंत सगळ्यांना येतं. आता आपल्याकडं मामाच्या मुलीशी लग्न होतं, ते यात घाल. रँडम मेटिंग, म्हणजे नातं न बघता जोड्या जुळणं, गेलं, एफ, म्हणजे मुलाला जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून मिळण्याची शक्यता, झाला १/१६, आजारी मुलाची शक्यता क्यू स्क्वेअर अधिक पी क्यू एफ, ती येते ०.०००७२ च्या आसपास, म्हणजे सातपट! पेपर काढणारा नेमका तिथंच अडवतो, म्हणून प्रत्येक सूत्र कुठल्या अटीवर उभं आहे आणि अट मोडली की काय होतं हे कागदावर हातानं करून बघ, नुसतं व्हिडिओ बघून ते येत नाही.

नेटला निगेटिव्ह मार्किंग २५ टक्के आहे, सीमध्ये चुकलं तर एक मार्क जातो, बरोबर आलं तर चार मिळतात. चारपैकी दोन पर्याय खात्रीनं उडवता आले तर टिक करायचं, घाबरायचं नाही.

मराठी शाळेचं म्हणशील तर पेपर इंग्रजी आणि हिंदीतच असतो, त्यामुळं वाचन इंग्रजीतूनच कर, पण वाचून झालं की पुस्तक मिटून तेच मोठ्यानं मराठीत सांगून बघ, जिथं अडखळशील तिथं समजलेलं नाही.

आता सेटचं. केसेट फक्त कर्नाटकात चालते, एमएच-सेट महाराष्ट्र आणि गोव्यात, त्यामुळं उद्या चंदगड किंवा कोल्हापूरच्या कॉलेजात अर्ज करशील तर केसेटचं सर्टिफिकेट उपयोगाचं नाही. नेट सगळीकडं चालते, आणि पीएचडीची जेआरएफ फेलोशिप सेटवर मिळत नाही. आपल्या सीमेवरच्या मुलींनी नेटच धरून ठेवावी असं मला मनापासून वाटतं, पण केसेटचा फॉर्मही भर, तिथं निगेटिव्ह नाही. फक्त तिथं विषयाच्या पेपरात चॉइस नाही, १०० च्या १०० प्रश्न सोडवायचे, म्हणून नेट झाली की बाजूला ठेवलेली युनिट एकदा तरी वाचून काढ.