बसून बसून पाय जातात: डिमेन्शिया आणि स्नायू, वाचकांचे प्रश्न

सासरे 78 वर्षांचे आहेत, चार वर्षांपासून डिमेन्शिया (विस्मरणाचा आजार) आहे. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत रोज सकाळी तलावपाळीला एक फेरी मारायचे. न्यूमोनियासाठी नऊ दिवस दवाखान्यात होते. घरी आणून महिना झाला, आता खुर्चीतून उठताच येत नाही. सगळे म्हणतात, आजार पुढे गेला, आता असंच चालायचं. खरंच का? (नौपाडा, ठाणे)

असंच चालायचं म्हणून सोडून देऊ नका. अल्झायमर हा डिमेन्शियाचा प्रकार वर्षांच्या हिशेबाने पुढे सरकतो. मेंदूतल्या रक्तवाहिन्या बिघडून होणाऱ्या डिमेन्शियात माणूस पायरीपायरीने खाली येतो, पण तिथेही प्रत्येक पायरीमागे काहीतरी घडलेलं असतं. महिन्याभरात चालता माणूस बसला, तर दोष आधी बिछान्याकडे जातो. निरोगी ज्येष्ठांना 10 दिवस नुसतं झोपवून ठेवलेला एक अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन्ही पायांतलं मिळून सुमारे एक किलो मांस उतरलं होतं. तुमच्या सासऱ्यांना तर वर ताप होता आणि जेवण अर्ध्यावर आलेलं. गेलेली आठवण परत आणता येत नाही; गेलेलं मांस बऱ्याच अंशी येतं. म्हणून याच महिन्यात हात घाला.

आधी डॉक्टरांकडून काही गोष्टी तपासून घ्या: लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम, ब जीवनसत्त्व 12 आणि ड, थायरॉइड, साठलेली बद्धकोष्ठता आणि नव्याने सुरू झालेली औषधं. रात्री शांत राहावेत म्हणून दिलेल्या गोळीने कधीकधी अंग लाकडासारखं ताठ होतं आणि घरच्यांना वाटतं, आजारच वाढला. दवाखान्यात ते पडले होते का, हेही विचारा. खुब्याचं हाड मोडलेलं असूनही डिमेन्शियाचा रुग्ण ‘दुखतंय’ म्हणेलच असं नाही. तो नुसता पाय टाकत नाही.

दुसरं, पायात बळ नाही की उठायची रीत आठवत नाही, हे ओळखा. पहाटे तीनला स्वतःहून उठून मोरीकडे जातात, पण सकाळी ‘उठा’ म्हटलं की बसून राहतात, असं असेल तर बळ आहे, क्रम हरवला आहे. बहुतेक घरांत दोन्ही थोडं थोडं असतं.

उठबसच करायची आहे, पण नीट. दिवाण नको, तो बुटका आणि मऊ असतो. प्लॅस्टिकची खुर्ची नको, ती सरकते. हात असलेली लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, बैठक साधारण 18 इंच. कमी असेल तर घट्ट घडी घातलेली सतरंजी बैठकीवर घाला. पायात मोजे नकोत. आधी त्यांना बैठकीच्या कडेपर्यंत पुढे सरकवा. मग टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे. मग नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं वाकायचं, आणि हातांनी खुर्चीचे हात खाली दाबत उठायचं. चूक होते ती इथे: घरचे समोरून दोन्ही हात धरून ओढतात. ओढलं की माणूस घाबरून मागे रेलतो, आणि खांदा दुखावतो तो वेगळाच. काखेत हात घालून उचलणंही तसंच वाईट. वॉकर समोर असला तरी तो धरून उठायचं नाही, उठून झाल्यावर धरायचा.

एका वेळी एकच शब्द बोला: ‘पुढे’. मग दहापर्यंत मनात मोजा. डोक्यात तो शब्द पोहोचायला वेळ लागतो, आणि आपण तोवर तीनदा ‘अहो उठा ना’ म्हणून झालेलं असतं. समोर दुसरी खुर्ची मांडून तुम्ही स्वतः उठून दाखवलंत तर आणखी सोपं. ‘व्यायाम करा’पेक्षा ‘चला, देवाला फूल वाहू’ याने माणूस लवकर उठतो. आरतीला टाळ हातात देऊन उभं करा. दोन आरत्या होईपर्यंत उभं राहणं हाही व्यायामच.

पाच वेळा उठबस, दिवसातून तीनदा. सहज जमू लागली की आठ, मग दहा; त्यानंतर सतरंजी काढून बैठक खाली आणा किंवा एकाच हाताचा आधार द्या. सोपंच ठेवलं तर स्नायू वाढत नाही. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर झोपलेलं असताना आणि उभं केल्यावर एका व तिसऱ्या मिनिटाला रक्तदाब मोजा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने पडला तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना सांगा.

जिन्याची घाई नको. हात न टेकता पाच वेळा उठता आलं की मग जिना. मधल्या वळणावर एक खुर्ची ठेवा. चढताना तुम्ही त्यांच्या एक पायरी मागे, उतरताना एक पायरी पुढे. आणि घरात दिवसभर ऐकू येणारं ‘बसून राहा, पडाल’ हे वाक्य सगळ्यांनी मिळून बंद करा, देखभालीला ठेवलेल्या ब्युरोच्या मावशींनाही सांगा. पडण्याची भीती खरी आहे, पण बसवून ठेवलेला माणूस पुढच्या महिन्यात जास्त सहज पडतो.

आई 74 वर्षांची, वजन 52 किलो, शाकाहारी. दिवसभर चहा-बिस्किटंच मागते. सहा महिन्यांत तीन किलो उतरली. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. प्रथिनं किती आणि कशातून द्यायची? (नेरूळ)

सहा महिन्यांत 5 टक्क्यांहून जास्त वजन जाणं हे वयाचं नसतं, तपासायचंच असतं. पोटरीचा घेरही मोजा: बसवून, पाय जमिनीवर, शिंप्याच्या टेपने पोटरीच्या सर्वांत जाड भागी, टेप आवळायची नाही. स्नायू झिजल्याचं ओळखण्यासाठीच्या आशियाई तज्ज्ञांच्या 2019 च्या निकषांत बायकांना 33 सेंटिमीटरपेक्षा कमी आणि पुरुषांना 34 पेक्षा कमी घेर धोक्याचा धरला आहे. पायाला सूज असेल तर मात्र हे माप फसवं.

मूत्रपिंड ठीक असेल तर या वयात किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं लागतात. आईंना दिवसाला 52 ते 62 ग्रॅम. चहा-बिस्किटांत तेवढी मिळत नाहीत. असं बसवा: सकाळी 50 ग्रॅम मूगडाळीची दोन धिरडी आणि वाटीभर दही, 16 ग्रॅमच्या आसपास. दुपारी वाटीभर घट्ट वरण, 50 ग्रॅम पनीर, दीड पोळी, साधारण 20. चार वाजता पेलाभर दुधात 15 ग्रॅम दूध पावडर, 11. रात्री मऊ मूगडाळीची खिचडी, वर तूप घालून, 10. झाले 57. एकाच जेवणात सगळं कोंबू नका. म्हाताऱ्या स्नायूला प्रत्येक वेळी पुरेसा डोस लागतो, म्हणून सकाळचा फराळ सुटता कामा नये. चहा तोडू नका, भांडण होईल. तोच चहा पाण्याऐवजी दुधाचा करा आणि त्यात पावडर घाला.

आता ती जेवत का नाही, ते पाहा. वजन उतरलं की हिरड्या आक्रसतात, कवळी सैल होते आणि घास टोचतो. डोनेपेझिल ही डिमेन्शियाची गोळी घेत असतील तर मळमळ आणि भूक मरणं हा त्या गोळीचा ओळखीचा दुष्परिणाम आहे. स्वतः बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. पांढऱ्या ताटलीत पांढरा दहीभात अनेकांना दिसतच नाही, निळी किंवा लाल ताटली वापरून बघा. पाच वाट्या मांडलेलं ताट गोंधळ वाढवतं. एक पदार्थ संपला की दुसरा. चमचा विसरल्या असतील तर धिरड्याचे तुकडे, इडली, मुटके हातात द्या. दाण्याचं कूट चालेल, अख्खे दाणे आणि फुटाणे नकोत, घशात अडकतात. पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा प्यायल्यावर आवाज ओलसर येत असेल, तर गिळण्याची तपासणी करणाऱ्या वाचा-उपचारतज्ज्ञांकडे न्या. जेवताना ताठ बसवा आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका.

प्रोटीन पावडर आणि रोज तेलाने मालीश, याने फरक पडेल? (वाशी)

पावडर हे अन्नच आहे. जेवणातून पुरत नसेल तर घ्या, पण आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासा. व्यायामाशिवाय तिचा फारसा उपयोग नाही. मालीशने बरं वाटतं, आणि डिमेन्शियात प्रेमाचा स्पर्श ही लहान गोष्ट नाही, पण त्याने स्नायू वाढत नाहीत. तळव्यांना तेल लावलंत तर उभं करण्याआधी साबणाने धुऊन पुसा.

पत्नी वर्षभर अंथरुणावर आहे. पाय गुडघ्यात वाकून राहिलेत, बोलणं जवळपास थांबलं आहे. आता फिजिओथेरपीचा काही उपयोग? (कोपरी, ठाणे)

चालण्यासाठी नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण दुखू नये, जखमा होऊ नयेत आणि त्यांना स्वच्छ करणं सोपं जावं, यासाठी नक्की आहे. दिवसातून दोनदा प्रत्येक सांधा हळूहळू, चेहऱ्याकडे बघत सरळ करा. कपाळाला आठी आली की तिथे थांबायचं. जोर लावून गुडघा सरळ केलात तर स्नायू आणखी आवळतो. गुडघ्याखाली कायम उशी ठेवू नका, त्यानेच पाय वाकून राहतात. पोटरीखाली मात्र घडी केलेली चादर ठेवा, म्हणजे टाचा हवेत राहतील. दर दोन तासांनी कूस बदला. ढुंगण, खुबे आणि टाचा रोज उजेडात बघा. दाबल्यावरही लाली जात नसेल तर ती जखमेची सुरुवात. जमत असेल तोवर दिवसातून दोनदा पाठीला टेकू देऊन बसवा, छातीत कफ कमी साठतो.

नळीने भरवण्याबद्दल कोणीतरी विचारेलच. शेवटच्या टप्प्यात नळीने आयुष्य वाढतं किंवा ठसका लागून होणारा न्यूमोनिया टळतो, असं दिसलेलं नाही. चमच्याने, थोडं थोडं, त्या तोंड उघडतील तेवढंच भरवा. तोंड मिटलं की थांबा. ज्येष्ठांसाठीची 14567 ही देशभराची विनामूल्य हेल्पलाइन आहे. एकट्याने हे रेटत असाल तर तिथे फोन करा. आणि रात्रीची एक कूस बदलायला का होईना, दुसरं माणूस घ्या. तुमची कंबर गेली तर त्यांना वळवणार कोण?