एम ८६ आपल्याकडे कशी काय येते?

प्रश्न : सर, एप्रिलमध्ये पालच्या डोंगरावर मित्राच्या दुर्बिणीतून कन्या राशीतली एम ८६ दीर्घिका पाहिली. नंतर वाचलं, की ती आपल्या दिशेनं येतेय. विश्व प्रसरण पावतंय ना? मग ही उलटी कशी?
– एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : भाऊ, फार चांगलं विचारलंत. प्रसरण दिसतं ते दीर्घिकांच्या समूहासमूहांमधल्या अंतरांत. जिथे हजाराहून जास्त दीर्घिका गुरुत्वाकर्षणानं एकमेकींना बांधलेल्या आहेत, तिथे त्याचं काही चालत नाही. एम ८६ अशाच कन्या समूहातली. सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरचा हा समूह सेकंदाला हजारभर किलोमीटरनं आपल्यापासून दूर चाललाय. पण एम ८६ त्याच्या आत आपल्या दिशेनं इतक्या जोरात धावतेय, की समूहाचा दूर जाण्याचा वेग वजा केला तरी सेकंदाला सुमारे २४० किलोमीटर उरतात. ती इथवर पोहोचणार मात्र नाही. समूहाची ओढ तिला माघारी वळवील.

१९३३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा समूहातले असेच वेग तपासले. दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वस्तुमानाला एवढ्या वेगवान दीर्घिका धरून ठेवणं शक्यच नव्हतं. कृष्णद्रव्याची, म्हणजे न दिसणाऱ्या पण गुरुत्वाकर्षण असलेल्या द्रव्याची, कल्पना तिथून पुढे आली.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते या धावण्यानं दीर्घिकेचं काय होतं, ते. समूहातली जागा मोकळी नसते. तिथे कोट्यवधी अंश तापलेला विरळ वायू भरलेला असतो आणि त्याचं वस्तुमान समूहातल्या सगळ्या ताऱ्यांहून जास्त भरतं. आपल्याकडे दादर ज्वारी उपणताना भुसा उडतो, दाणा खाली राहतो; तसे तारे जागेवर राहतात आणि दीर्घिकेचा स्वतःचा वायू मागे उडून जातो. फरक एवढाच, की इथे वारा येत नाही, दीर्घिकाच धावते. गन आणि गॉट या खगोलशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये याचं गणित मांडलं. एम ८६ मागची तप्त वायूची शेपटी क्ष-किरणांत दिसते, लाखाहून जास्त प्रकाशवर्षं लांब!

वायू संपला की नवे तारे जन्मत नाहीत. निळे, तेजस्वी तारे अल्पायुषी. ते आधी विझतात आणि दीर्घिका तांबूस होत जाते. समूहांच्या गाभ्यात लंबवर्तुळाकार दीर्घिका जास्त आणि सर्पिल कमी, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

पण उडालेला वायू सगळाच वाया जात नाही. आबेल ८५ समूहात जेओ २०१ नावाची दीर्घिका सेकंदाला तीन हजार किलोमीटरहून जास्त वेगानं घुसतेय. आपल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय अवकाश वेधशाळेनं अतिनील प्रकाशात टिपलेल्या तिच्या छायाचित्रांत मागे पडलेल्या वायूतच कोवळे तारे जन्मलेले दिसतात.