पिरिडीन नकोच

प्रकाशाने लिक्विड क्रिस्टलला (द्रवासारख्या वाहणाऱ्या पण रेणू एका दिशेत रांगेने ठेवणाऱ्या पदार्थाला) दिशा देणारा पहिलाच पॉलिमर बनवत असशील तर पॉलिव्हिनाइल सिनॅमेट कर. 1992 मध्ये शाड्ट या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) यूव्ही प्रकाशाने लिक्विड क्रिस्टल वळवून दाखवले ते याच कुळातल्या पॉलिमरवर.

जुन्या कृतीतल्या पिरिडीन या द्रावकाच्या वासानेच डोकं उठतं. त्यापेक्षा पॉलिव्हिनाइल अल्कोहोल गरम पाण्यात विरघळव, गार करून कॉस्टिक सोडा घाल, भांडं बर्फात ठेव आणि एमईकेत (मिथाइल इथाइल कीटोन या द्रावकात) विरघळवलेलं सिनॅमॉइल क्लोराइड थेंबथेंब सोड, जोरात ढवळत. क्लोराइड विकतच आण. ते घरी बनवायला थायोनिल क्लोराइडच्या नादी लागू नकोस. विकतचं सिनॅमॉइल क्लोराइडही डोळ्यांना झोंबतंच, शिवाय एमईके पेटतं, तेव्हा सगळं फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात).

वरचा थर मिथेनॉलमध्ये ओतलास की पांढरे तंतू सुटतात. ते अंधारात सुकव, बाटलीला फॉइल गुंडाळ. उजेडात पॉलिमर क्रॉसलिंक झाला (त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या गेल्या) तर क्लोरोफॉर्ममध्येही विरघळणार नाही. आणि हो, या पॉलिमरवर लिक्विड क्रिस्टल यूव्हीच्या ध्रुवणाच्या दिशेला काटकोनात बसतात. सेल (दोन काचांमध्ये भरलेला लिक्विड क्रिस्टल) उलटा लागला म्हणून घाबरू नकोस.