लंडनचा रिफॉर्म क्लब: पत्त्यांचा अड्डा की पक्षाची कचेरी?

प्रश्न असा आहे: लंडनचे जुने क्लब म्हणजे श्रीमंतांनी दारू प्यायला आणि पत्ते कुटायला काढलेले अड्डेच ना? आणि आपल्या लोकांना तिथे प्रवेश होता का?

पहिलं म्हणणं काही क्लबांपुरतं खरं आहे. १६९३ मध्ये चॉकलेट पिण्याची जागा म्हणून सुरू झालेला व्हाइट्स पुढे जुगारासाठीच गाजला. पण रिफॉर्म क्लबला तो शिक्का लावणं मला अन्यायाचं वाटतं.

१८३२ च्या सुधारणा कायद्याने मताधिकार वाढला आणि मतदारांची रीतसर नोंदणी सुरू झाली. यादीत नाव नसेल तर मत नाही. मग आपल्या माणसांची नावं घालणं, समोरच्यांच्या नावांवर हरकती घेणं, त्यासाठी पैसा उभा करणं हे करायचं कोणी? आजच्यासारखी पक्षसंघटना तेव्हा नव्हतीच, म्हणून हे काम क्लबांनी उचललं. टोरींचा, म्हणजे पुराणमतवादी पक्षाचा, कार्लटन क्लब १८३२ चाच. त्याला तोडीस तोड म्हणून व्हिग (सुधारणेच्या बाजूचे उमराव) आणि रॅडिकल (त्यांच्याहून जहाल सुधारक) मंडळींनी १८३६ मध्ये पॅल मॅल रस्त्यावर रिफॉर्म क्लब काढला. हे दोन गट एकमेकांना पाण्यात पाहायचे. त्यांना एका पंगतीला बसवणं हेच मी या क्लबचं सगळ्यात मोठं काम मानतो.

आणि पंगत म्हटली की मुदपाकखाना आलाच! १८३७ मध्ये अलेक्सिस स्वायेर हा फ्रेंच आचारी तिथे लागला. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याभिषेकाच्या दिवशी, १८३८ मध्ये, त्याने दोन हजार पाहुण्यांच्या न्याहारीची व्यवस्था केली. १८४१ मध्ये नवी इमारत उघडली. वास्तुकार चार्ल्स बॅरी, नमुना रोमच्या फार्नेझे महालाचा. मधला चौक इटलीतल्यासारखा उघडा ठेवायचा बेत होता, पण लंडनच्या हवेपुढे कुणाचं चालतंय? त्यावर काचेचं छप्पर आलं. तळघरातलं स्वयंपाकघर स्वायेरने बॅरीबरोबर बसून आखलं. गॅसच्या शेगड्या, कमी-जास्त करता येणारी आच, मासे ताजे राहावेत म्हणून गार ठेवलेला संगमरवरी ओटा. हे सगळं बघायला बाहेरची माणसं मुद्दाम यायची. हाच स्वायेर १८४७ मध्ये आयर्लंडच्या दुष्काळात डब्लिनला गेला आणि भुकेल्यांसाठी सरकारी सूपघर उभं केलं. पुढे क्रिमियाच्या युद्धात सैनिकांच्या जेवणाची घडी त्यानेच बसवली. त्याची शेगडी ब्रिटिश लष्करात विसाव्या शतकातही वापरात होती.

दोष नव्हते असं नाही. सभासद निवडताना गुप्त मतदान व्हायचं, पेटीत गोळी टाकून. विरोधी गोळ्या पडल्या की उमेदवार बाद, कारण सांगायची गरज नाही. १९१३ मध्ये बॅरन द फॉरेस्ट यांना असंच नाकारलं, तेव्हा चर्चिल आणि लॉइड जॉर्ज या दोन्ही लिबरल मंत्र्यांनी निषेध म्हणून राजीनामे दिले. बायकांना सभासदत्व मिळायला तर १९८१ उजाडलं, तरी असल्या जुन्या क्लबांत रिफॉर्मच पहिला.

आता आपल्या लोकांचं. त्यासाठी रिफॉर्मच्या शेजारून जरा पुढे, नॅशनल लिबरल क्लबकडे जावं लागेल. हा लिबरल पक्षाचा, म्हणजे व्हिग-रॅडिकलांच्या वारसांचा, १८८२ चा क्लब; तेव्हाचे पंतप्रधान ग्लॅडस्टन याचे पहिले अध्यक्ष. जुन्या उमरावी क्लबांत ज्यांना जागा नव्हती अशा साध्या लिबरल कार्यकर्त्यांसाठी तो काढला होता. मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये शिकलेले आणि तिथेच प्राध्यापक झालेले दादाभाई नौरोजी त्याचे सभासद होते. १८८८ मध्ये पंतप्रधान सॉल्झबरी यांनी भर सभेत त्यांना 'काळा माणूस' म्हणून हिणवलं. त्यावर पुढच्याच जानेवारीत याच क्लबात दादाभाईंच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. १८९२ मध्ये ते सेंट्रल फिन्सबरीतून अगदी मोजक्या मतांच्या फरकाने पार्लमेंटवर निवडून गेले.